चौथ्या पानातलं नाव

क्योतोतल्या गिओनच्या उत्सवात मुरोमाची भागातली कापडवाल्यांची घरं रस्त्याकडच्या लाकडी जाळ्या काढून टाकतात आणि वर्षभर पेटीत कोंडलेले घडीचे पडदे ओसरीवर मांडतात. निशीगाकींच्या ओसरीवर कावळे असत. सहा पानांचा पडदा, रंगाचा एक ठिपका नाही, नुसती काळी शाई. बर्फाने वाकलेली लव्हाळी, जुन्या पाइनची एक फांदी आणि अकरा कावळे. जुलैच्या उकाड्यात घामाने निथळणारे लोक त्या बर्फासमोर दोन मिनिटं उभे राहत, गार वाटलं म्हणत आणि पुढे सरकत. तोमे इवासे मात्र कावळे बघायला येत नसे. ती चौथ्या पानासमोर येऊन उभी राहायची. त्या पानावर एकच कावळा होता, तोही पाठ फिरवून बसलेला.

पडद्याशेजारी ओसरीवर तिचा नवरा बसलेला असे. सहावा योहेई इवासे, पडदे बांधणारा. अंगात काळा झगा, गुडघे जुळवलेले, चेहरा असा की हे अकरा कावळे त्यानेच घरी पाळलेत. येणारे-जाणारे वाकून म्हणत, "योहेई-सान, इतक्या वर्षांत एक सुरकुती नाही हो पडद्याला! काय हात आहे तुमचा!"

तोही वाकून म्हणे, "छे हो, कसलं काय."

मग रस्त्यावरच्या गर्दीतून, तोंडासमोर पंखा धरून, पण चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात तोमे म्हणायची, "आत कोणाचं नाव आहे, ते विचारा म्हणावं एकदा."

त्याला ऐकू जायचं. जावं म्हणूनच ती बोलायची. तो मान वर न करता पुढच्या पाहुण्यासमोर वाकायचा. लढाईत उत्सव बंद होता ती वर्षं सोडली, तर दर जुलैला हे असंच चाललं होतं.

तोमे म्हणजे थांब. चौथीही मुलगीच झाली, तेव्हा पाचव्या योहेईने, म्हणजे तिच्या बापाने, देवाला दिलेली ती तंबी होती. देवाने ती किती मनावर घेतली कोण जाणे, मुलीला मात्र रोज हाक मारली की ऐकावी लागली. इवासेंच्या घरात दुकान चालवणाऱ्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या योहेईच. बापाचं मुलाकडे जाणार, मुलगा नसला तर घरजावयाकडे. आधीचं स्वतःचं नाव जुन्या चपलेसारखं उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि आत येऊन योहेई व्हायचं. थोरल्या तिघी लग्न होऊन गेल्या, त्यांना कागद चिकटवायच्या या खळीचा वासही सहन होत नव्हता. उरली तोमे, आणि तिच्या हातात जन्मतःच काहीतरी होतं. कागद हातात धरून तो उद्या किती आक्रसेल हे ती सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी तो तेवढाच आक्रसायचा. बापाला त्याचा अभिमान वाटत नसे, संताप येई. इतका चांगला हात चुकीच्या लेकराला गेला, असं तो सरळ म्हणायचा.

ती चोवीस वर्षांची असताना बापाच्या उजव्या हातावरून वारा गेला. त्याच हिवाळ्यात निशीगाकींचे कावळे नव्या बांधणीला आले. तोमेने ते एकटीने बांधले. बाप कोपऱ्यात बसून चुका काढत होता आणि एकही सापडत नाही म्हणून कुरकुरत होता. लाकडी जाळीचे सहा सांगाडे, त्यांवर कागदाचे थरावर थर, सगळ्यात वर चित्र, आणि पानापानांमधल्या बिजागऱ्याही कागदाच्याच. चार महिने लागले.

पडदा बांधणारा आपलं नाव बाहेर कुठेच घालत नाही. तो ते आतल्या सांगाड्याच्या लाकडावर लिहितो आणि वरून पहिला कागद चढवतो. पुढे कधीतरी, साठ-सत्तर वर्षांनी, दुसरा बांधणारा तो पडदा उघडतो, तेव्हा त्या एकट्याला ते दिसतं. इवासेंच्या घरात आणखी एक रीत होती. मालक नाव लिहीत असताना बाकीच्यांनी पाठ फिरवून बसायचं.

बाप म्हणाला, "पाठ फिरव. चौथ्या पानात लिहितोय."

"कोणाचं?" तोमेने भिंतीकडे बघत विचारलं.

"बांधला कोणी?"

"मी."

"मग झालं तर," बाप म्हणाला.

त्याने डाव्या हाताने लिहिलं, डाव्याच हाताने त्यावर पहिला कागद चिकटवला. तोमे वळली तेव्हा कागद चढलेला होता, आणि चांगला बोटभर वाकडा होता. तिने तो वाकडाच राहू दिला. आयुष्यात बापाने तिला दिलेली ती एकच गोष्ट होती, ती सरळ करायला तिचा हात गेला नाही.

त्याच वर्षी, झाडांची पानं लाल झाली तेव्हा, तिचं लग्न झालं. घरजावई तांबाच्या डोंगरातला, कागद करणाऱ्या घराचा तिसरा मुलगा, नाव किंजी. आल्या दिवशी तो सहावा योहेई झाला. हात बेताचा, पण वाकायला उत्तम. गिऱ्हाइकांना असा माणूस आवडतो. बाप दोन वर्षांनी गेला. तो मेल्यावर रीतीप्रमाणे, माणूस गेल्याची खूण म्हणून, त्याच्या उशाशी पडदा उलटा, डोकं खाली करून उभा करायचा होता. तोमेने त्यासाठी घरातला सगळ्यात चांगला पडदा काढला आणि स्वतःच्या हाताने उलटा केला. तेव्हा ती रडली होती, असं शेजारणी सांगत. त्यांना नवल वाटलं होतं.

त्यानंतर या घरात सुख नांदलं असं कोणीही म्हणणार नाही. एक मुलगी झाली, ती नागोयाला दिली, आणि ती पत्रात फक्त हवामान कळवायची. तोमेचा स्वभाव वाईटच होता. क्योतोत कोणी असं तोंडावर बोलत नाही. शेजारी म्हणायचे, "तोमे-सान किती मोकळं बोलतात, आम्हाला बाई नाही जमत," आणि ते ऐकून तोमेला नेमकं काय ऐकायचं ते कळायचं. नवऱ्याशी बोलताना तर तिची एक तऱ्हाच होती. राग जितका जास्त तितका आदर जास्त. साधी असली की "अहो," चिडली की "आपण," आणि "सहावे योहेई-सान" म्हणाली की त्याने जेवण तसंच सोडून उठावं हे बरं.

"सहावे योहेई-सान, आपण लोणच्याला हात लावू नये. ते मी घातलंय, आणि आत माझं नाव लिहायचं राहिलं."

"तोंड आहे की कात्री?" तो म्हणायचा.

"कात्रीला घरजावई लागत नाही."

दुकानातून जे जे बाहेर जायचं त्यातलं अर्धंअधिक तिनेच केलेलं असायचं, आणि आत नाव त्याचं. तो लिहायचा, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. सदतीस वर्षं तिने ते सोसलं, कारण मुरोमाचीत एका पडद्याच्या पोटात, वाकड्या कागदाखाली, तिचं नाव होतं. प्रत्येक भांडण ती तिथे नेऊन संपवायची. "कावळ्यांत माझं नाव आहे. आपलं कुठे आहे?" यावर तो कधीच काही बोलला नाही. त्याला उत्तर सुचत नाही, अशी तिची खात्री होती.

मग १९५८च्या मार्चमध्ये वितळलेलं बर्फ निशीगाकींच्या छपरातून गळलं आणि पेटीत शिरलं. एप्रिलमध्ये हातगाडीवर कावळे आले. मागून निशीगाकींची थोरली बाई, कायो-सान, छत्री मिटत आत आली.

"काय सांगू, छपराने घात केला हो," ती बसता बसता म्हणाली. मग तिने कारखान्यावर नजर फिरवली. "तुमच्याकडे किती छान उजेड येतो! आमच्या घरात कुठला यायला. भिंतीच इतक्या जाड."

"हो ना," तोमे गोड हसून म्हणाली. "पाण्याला कशी बाई वाट सापडते त्यातून?"

कायो-सानने चहाची वाटी फिरवून खाली ठेवली. "योहेई-सान स्वतः करतील ना? वय झालं आता. उत्सवाला तीन महिनेही नाहीत."

"स्वतःच करतात ते सगळं," तोमे म्हणाली. "लिहिणं तर कधीच कोणाला करू देत नाहीत."

ती गेल्यावर दोघांनी पडदा उलगडला. चौथ्या आणि पाचव्या पानाच्या तळाशी चहासारखा डाग पसरला होता आणि कागद फुगला होता. पाठमोऱ्या कावळ्याची शेपटी ओलीतून अगदी थोडक्यात वाचली होती. योहेईने गुडघ्यावर बसून फुगलेल्या कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "परत पाठवू."

"काय?"

"आपल्याच्याने होणार नाही. दुसरीकडे देऊ देत."

"हात माझे आहेत, ते चालतात. आपल्याला फक्त वाकायचंय."

"मग पाचवं उघड. चौथ्याला नुसता खालून डाग आहे, वरूनच भागेल."

तोमेने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "एक पान उघडायचं आणि दुसरं कुजत ठेवायचं, ही कुठली रीत काढली?"

"मी सांगतोय ना! मालक आहे मी या दुकानाचा."

"वाचलंय मी पाटीवर." तिला मजा वाटायला लागली होती. इतक्या वर्षांत तिने त्याला असा घाबरलेला पाहिला नव्हता. "सदतीस वर्षं कानांनी ऐकलंत, आता डोळ्यांनी बघा. जळजळ होईल थोडी. पोटाला उतारा म्हणून मुळा किसून देईन."

तो उठला, आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. घरात शिकलेली रीतच ती, पण आज कोणी लिहीत नव्हतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला तिने चौथं पान उघडायला घेतलं. कडेची काळी पट्टी काढली. ओलं फडकं ठेवून थांबली, मग बांबूची पाती सरकवली. कावळा त्याच्या फांदीसकट अलगद सुटून तिच्या हातात आला. तिच्याच हातची खळ होती. गव्हाचं सत्त्व शिजवून रांजणात घालायचं, फरशीखाली दहा वर्षं ठेवायचं, दर कडाक्याच्या थंडीत पाणी बदलायचं. इतकी जुनी झाली की ती धरते बेताची, आणि पुढच्या माणसाने नुसतं ओलं फडकं ठेवलं की सोडून देते. पुढच्याला सोडवता आलं पाहिजे, हा इवासेंच्या घरातला पहिला धडा होता. तोमेने सदतीस वर्षांपूर्वी पुढच्या माणसासाठी काम केलं होतं, आणि तो पुढचा माणूस तीच निघाली.

थर निघत गेले. शेवटी तो वाकडा कागद आला. बोटभर वाकडा, खाली बापाच्या डाव्या अंगठ्याने पडलेली चुणी. तिने हात कपड्याला पुसले. साठी उलटलेली बाई, पण आपलं नाव बापाच्या अक्षरात कसं दिसेल या विचाराने तिने ते लहान मुलीसारखे पुन्हा पुसले. तिने फडकं ठेवलं, मनात शंभर मोजले आणि कागद उचलला.

लाकडावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "तैशो दहावं वर्ष, तिसरा महिना. कावळे. नवी बांधणी. सहावा योहेई."

तिने ते पुन्हा वाचलं. तैशो दहावं, म्हणजे १९२१. तिसरा महिना. किंजी या घरात आला तो अकराव्या महिन्यात. मार्चमध्ये तो तांबाच्या डोंगरात ओढ्यावर कागदासाठी झाडाची साल धूत होता, त्याला हे घर ठाऊक नव्हतं, या घराला तो ठाऊक नव्हता. बापाने तिचं काम अशा माणसाच्या नावावर लिहून टाकलं होतं, जो अजून सापडायचाही होता. तिला भिंतीकडे तोंड करायला लावून, तिच्या पाठीमागे, ती श्वास रोखून बसलेली असताना.

"तुम्हाला माहीत होतं," तोमे म्हणाली.

"होतं," कोपऱ्यातून उत्तर आलं.

"कधीपासून?"

"लग्नाच्या दिवसापासून." तो अजून वळला नव्हता. "तुझ्या वडिलांनी मला मागच्या अंगणात नेलं, खळीच्या रांजणापाशी. म्हणाले, कावळे तुझे. लोक वाखाणतील, तू वाकायचं आणि गप्प बसायचं. मी म्हटलं, मी तो पडदा डोळ्यांनी बघितलेला नाही. तर म्हणाले, उद्या कोणी तो उघडला आणि आत बाईचं नाव निघालं, तर म्हणेल इवासेंकडे पुरुष संपले होते."

"आणि आपण वाकलात."

"वाकलो. तिसरा मुलगा होतो. मला घर हवं होतं."

"आणि मी! दरवर्षी मी रस्त्यात उभी राहून, सगळ्या मुरोमाचीसमोर..." तोमेचा आवाज फाटला. "आतल्या आत हसत होतात होय?"

आता तो वळला. "हसायला काय होतं त्यात? सांगितलं असतं तर माझ्या अंगावर फेकायला तुझ्याकडे दुसरं काय राहिलं असतं?"

तिने हाताशी होतं ते उचललं. फडकी भिजवायची पाण्याची पितळी होती. सगळं पाणी त्याच्या तोंडावर, गळ्यात, मांडीवर गेलं. त्याने बाहीने तोंड पुसलं.

"तुमची दया नको होती मला!"

"दया?" तो ओरडला, आणि सदतीस वर्षांत तो असा ओरडला नव्हता. "तू मला उंबऱ्यातला उपरा म्हटलंस. माझ्या आईला कागदवाली भिकारीण म्हटलंस. मी तुला दया दाखवीन? तू बोलायचीस तेव्हा मी मनात म्हणायचो, एक वाक्य, बाई, माझ्याकडे एक वाक्य आहे, बोललो तर कायमची बसशील. तेवढ्यावर मी दिवस काढले. बोलून टाकलं असतं तर मग मी कशावर काढले असते?"

यातलं खरं कोणतं, दया की सूड, हे त्यालाही ठाऊक नसावं. तोमेला मात्र दोन्हींचा सारखाच संताप आला. ज्याला ती आयुष्यभर पायाखाली धरून आहे असं समजत होती, तो तिला सांभाळून घेत होता. नाहीतर चघळत होता. दोन्हीत हसं तिचंच होतं.

चार दिवस घरात भात शिजत होता, मिसोचं कढण होत होतं, दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवत होते. उघडं पान कारखान्यात तसंच उभं होतं. येता-जाता तोमे त्यासमोर थांबायची आणि मेलेल्या बापाला मोठ्याने बोलायची.

"इतका चांगला पडदा उशाशी लावला मी तुमच्या. उलटा केला, रडले. कळलं असतं तर सरळच ठेवला असता. बसला असतात मग मेलात की नाही ते शोधत."

पाचव्या दिवशी सकाळी पानाशेजारी तिला एक रंधा ठेवलेला दिसला. पातं नुकतं परजलेलं होतं.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"मार आणि मोकळी हो," योहेई दारातून म्हणाला. "पातळसा एक हात. कोणाला कळणार नाही."

तिने रंधा उचलून वजन घेतल्यासारखा हातात धरला. मग बाजूला ठेवला. "आधीच्याचं लिहिलेलं खोडायचं नसतं. एवढंही शिकला नाहीत?"

"खोटं आहे ते."

"खोटं आहे, पण त्याच्या हातचं आहे. मी त्याचं खोडलं तर उद्या माझंही कोणीतरी खोडेल." तिने शाईची वडी पाण्यात घासायला घेतली. त्याने सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं, तशी ती खेकसली, "वळू नका! बघा. या घरात आजपासून कोणी पाठ फिरवायची नाही."

तो बघत राहिला. तोमेने बापाच्या ओळीखाली, त्याच लाकडावर, लहान सरळ अक्षरांत, चालू सालासकट लिहिलं: "वरचं खोटं आहे. ती बांधणी तोमेची, पाचव्या योहेईची चौथी मुलगी, तेव्हा वय चोवीस. ही बांधणीही तिचीच. शोवा तेहेतीस, पाचवा महिना."

"अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला.

"तुमचं मत कोणी विचारलं?"

शाई वाळली, पहिला कागद चढला, केसाइतकाही वाकडा नाही. त्यावर दुसरा, तिसरा. जूनच्या सरी सुरू झाल्या, दमट हवेत काम चांगलं होतं. तोमेचे हात चालत होते, पण जसजसे थर चढत गेले तसतसं तिच्या मनात काहीतरी कुरतडायला लागलं. आपण चांगलं काम करतोय. इवासेंच्या रीतीने केलेला पडदा सत्तर वर्षं हलत नाही, छप्पर पुन्हा गळलं नाही तर शंभरही जातील. तोवर बापाचं खोटं आणि तिचं खरं एकाच अंधारात पडून राहणार, आणि बाहेर दर जुलैला योहेईचं कौतुक होणार. म्हाताऱ्याने हाच हिशेब केला होता. तिच्या चांगल्या हातावर भरवसा ठेवून तो तिला गाडून गेला होता.

शेवटी चित्र चढवायचं आलं. चित्राला खळ फक्त कडांना लागते, मधला भाग मोकळा असतो. तोमेने त्या दिवशी रांजणातून खळ काढली, वाडग्यात घोटली आणि त्यात पाणी घातलं. मग आणखी घातलं. चित्राला यातून काही इजा नव्हती. फक्त कडा आधी उठतील, आणि लोक नाक मुरडून म्हणतील की योहेईचं काम इतक्यात सुटलं. मग कोणीतरी ते उघडेल.

तेवढ्यात मागे पाऊल वाजलं. योहेईने वाडग्यात बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. हात बेताचा असला तरी खळ त्याला कळत होती.

"ही खळ नाही," तो म्हणाला. "पेज आहे."

"सर्दी झाली असेल तुमच्या बोटांना."

"किती धरेल ही?"

तोमे वळली. लपवण्यात अर्थ नव्हता. "वीस वर्षं. फार तर बावीस."

"म्हणजे सगळी मुरोमाची म्हणणार, सहाव्या योहेईला साधा पडदा बांधता येत नव्हता."

"म्हणू देत की! नाव आपलंच आहे. सदतीस वर्षं वाकून वाकून घेतलंत ना ते? मग शिव्याही घ्या त्याच नावाने." ती हातात कुंचला धरून उभी होती, आणि तो वाडगं हिसकायला आला तर कुंचला त्याच्या डोळ्यात घालायची तिची तयारी होती.

तो चौसष्ट वर्षांचा होता. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ते एवढंच, उसनं घेतलेलं, लोकांनी वाकून मान दिलेलं नाव. किंजी म्हणून त्याला हाक मारणारं आता कोणी जिवंत नव्हतं.

त्याने पाण्याच्या बादलीतला बांबूचा डाव उचलला, काठोकाठ भरला आणि वाडग्यात ओतला. मग अर्धा डाव आणखी.

"वीस वर्षं कोण जगतंय?" तो म्हणाला. "दहा पुरेत. मला ऐकायच्यात शिव्या." आणि डाव बादलीत टाकून तो जेवायला गेला.

तोमेने वाडगं घोटलं. खळ दुधासारखी पातळ झाली होती. तिने कुंचला बुडवला आणि पाठमोऱ्या कावळ्याच्या पानाच्या कडेवरून एकदाच, सरळ, फिरवला.

त्या जुलैला निशीगाकींच्या ओसरीवर कावळे नेहमीच्या जागी उभे राहिले. डागाची खूणही दिसत नव्हती. लोकांना गार वाटलं. कायो-सान पंख्याने वारा घेत, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय काम केलंत हो योहेई-सान! आता आमच्या पणतवंडांपर्यंत बघायला नको."

योहेई दोन्ही हात चटईवर टेकून कपाळ लागेपर्यंत वाकला.

"छे हो," तो म्हणाला. "इतकं कुठलं टिकायला."

सगळे कौतुकाने हसले, किती विनयी माणूस म्हणून. तोमे रस्त्यावर चौथ्या पानासमोर उभी होती. पंखा तिने तोंडाशी नेला होता, पण त्या वर्षी ती काही बोलली नाही.